ॲटवुडची कप्पी

हातातून सुटलेला दगड पहिल्याच सेकंदात १६ फूट खाली येतो. दुसरा सेकंद संपेस्तोवर ६४ फूट. अठराव्या शतकात हे मोजायला हाताशी काय होतं, तर लंबकाचं घड्याळ आणि माणसाची नजर. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातला गतीचा दुसरा नियम ऑयलरच्या १७५० मधल्या लेखात समीकरणांच्या रूपात आला. पण वर्गभर विद्यार्थ्यांसमोर तो खरा करून दाखवायचा कसा, हा प्रश्न शिल्लकच होता. गॅलिलिओने यावर उतारा काढला होता तो उतरत्या फळीचा. मात्र फळीवरचा गोळा घरंगळताना स्वतःभोवतीही फिरतो, आणि हिशेबाला आणखी एक गाठ बसते.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या जॉर्ज ॲटवुडने निराळी वाट धरली. त्याने पडणाऱ्या वस्तूला उचलायचं काम लावलं. रहाटावर एक बादली खाली जाते तेव्हा दुसरी वर येते, तशी कप्पीवरून रेशमी दोरा सोडून त्याच्या दोन टोकांना सारखी वजनं बांधली. दोन्ही स्थिर. मग एका बाजूवर एक चिमुकली दांडी ठेवायची. आता ओढणारं बल तेवढ्या दांडीच्या वजनाचं, आणि हलवायचं मात्र सगळं ओझं. एकूण ओझं दांडीच्या ६४ पट असेल, तर त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या एक चौसष्टांश. पहिल्या सेकंदात जेमतेम ३ इंच, दोन सेकंदांत १२, तीन सेकंदांत २७, चार सेकंदांत ४८. शेजारच्या खांबावरच्या मोजपट्टीवर हे कुणीही वाचून घ्यावं!

यातली नामी युक्ती होती ती कड्याची. उतरतं वजन वाटेतल्या कड्यातून आरपार जाई, पण त्यावरची लांब दांडी कड्यावर अडून बसे. दोन्ही बाजू पुन्हा समान होत, त्वरण थांबे आणि वजन त्या क्षणी असलेल्या वेगाने एकसारखं पुढे जाई. म्हणजे वेगही मोजता येई, आणि पहिला नियम फुकटात दिसे.

ॲटवुडने १७८४ मध्ये पुस्तक लिहून हे सगळं मांडलं. त्याच सुमारास त्याने केंब्रिज सोडलं. त्याच्या व्याख्यानांना बसलेला धाकटा विल्यम पिट तोवर पंतप्रधान झाला होता. त्याने मास्तरांना जकात खात्यात फारसं काम नसलेली जागा मिळवून दिली. गुरुदक्षिणा म्हणावी तर सरकारी तिजोरीतून! ॲटवुड बुद्धिबळातही तरबेज होता. फिलिदोरसारख्या उस्तादाचे डाव त्याने टिपून ठेवले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोचले.

पाठ्यपुस्तकांनी त्याचं यंत्र घेतलं आणि त्याचा घाम पुसून टाकला. ‘दोरा वजनरहित आहे, कप्पी घर्षणरहित आहे असे माना’ या एका ओळीत सगळं उरकतं. मग वर जाणाऱ्या वजनासाठी दोऱ्याच्या ताणातून वजन वजा करायचं, वस्तुमानाने भागायचं की त्वरण हाती. ३१.५ आणि ३२.५ ग्रॅमची वजनं घेतली, तर फरक १, बेरीज ६४. उत्तर तेच, एक चौसष्टांश. ॲटवुडला मात्र असं ‘मानून’ चालणार नव्हतं. घर्षण कमी करण्यासाठी त्याने कप्पीचा आस ठोकळ्यात न बसवता चार हलक्या चाकांच्या कडांवर तोलून धरला. कप्पी फिरवायलाही बल खर्च होतं, म्हणून तिचं जडत्व काढून त्याएवढं वजन त्याने एकूण ओझ्यात मोजलं. वर दिलेली ६४ पट त्या बेरजेसकटची आहे.

आज इमारतीतल्या बहुतेक दोरीच्या लिफ्टना मागच्या बाजूला असंच प्रतिवजन असतं, साधारण रिकामा डबा अधिक निम्म्या भाराएवढं. म्हणून मोटरला सगळं ओझं उचलावं लागत नाही, फरक तेवढा ओढावा लागतो. प्रयोगशाळेत हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा कप्पीचं जडत्व धरून आणि एकदा सोडून उत्तर काढावं. दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहावीत.