पासपोर्टच्या तळच्या दोन ओळी

नाशिकरोडची प्रेस म्हणजे काय, हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 साली उभी राहिली. तोवर आपली टपाल तिकिटं लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत. भारतीय पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिकाही याच प्रेसमध्ये तयार होतात. पण फोटोच्या पानाच्या तळाशी ज्या दोन ओळी उमटतात, त्यांची रचना नाशिकची नाही, दिल्लीचीही नाही. ती सगळ्या देशांनी मिळून ठरवली आहे.

पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक देशाची प्रवासाची कागदपत्रं वेगळी, आकार वेगळा, मजकूर वेगळा. सीमेवरच्या कारकुनानं ओळखायचं तरी काय? 1920 साली राष्ट्रसंघानं पॅरिसला परिषद घेतली आणि 32 पानांच्या एकसारख्या पुस्तिकेची शिफारस केली. पुढे विमानप्रवास वाढला, विमानतळांवर रांगा लागल्या. मग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे मॉन्ट्रियलच्या आयकाओनं, 1968 मध्ये यंत्राला वाचता येईल अशा पासपोर्टवर काम सुरू केलं. 1980 साली त्याची नियमावली निघाली. तिचा क्रमांक 9303. आज ती कुणालाही फुकट वाचता येते.

तुमचा पासपोर्ट उघडा. प्रत्येक ओळीत बरोबर 44 खुणा आहेत. वरच्या ओळीत देश आणि नाव. खालच्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदत. रिकाम्या जागा बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या. जन्मतारखेच्या सहा आकड्यांनंतर एक जास्तीचा आकडा दिसेल, तो तपासणीचा. समजा कुणाचा जन्म 1 मे 1960 चा, म्हणजे 600501. या आकड्यांना ओळीनं 7, 3, 1, पुन्हा 7, 3, 1 नं गुणायचं: 42, 0, 0, 35, 0, 1. बेरीज 78. शेवटचा आकडा 8, तोच पुढे छापायचा. यंत्रानं यातला एक आकडा जरी चुकीचा वाचला, तरी हिशेब जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते. प्राथमिक शाळेतल्या मुलाला करता येईल एवढ्या गणितावर जगभरचे विमानतळ चालतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढचा टप्पा चिपचा. भारताचा पहिला ई-पासपोर्ट 2008 च्या जूनमध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक वाटप एप्रिल 2024 मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरहून सुरू झालं. चिप आली म्हणून त्या ओळी मोडीत निघाल्या नाहीत. चिप वाचायची किल्ली खालच्या ओळीतल्या क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीवरूनच तयार होते. चिपमधल्या माहितीवर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं, तरी दुसऱ्या देशातल्या यंत्राला ते कळतं, आणि त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.

आज सरकारी सेवांच्या डिजिटल यंत्रणा देशादेशांत वाटून घ्यायची भाषा सुरू आहे. बेंगळुरूच्या आयआयआयटीत 2018 पासून घडलेली ‘मोसिप’ ही ओळखपत्र प्रणाली फिलिपिन्स आणि मोरोक्को यांनी आपापल्या गरजेनुसार वापरली, हे चांगलंच झालं. अशा कामात पासपोर्टचा कित्ता गिरवावा, असं माझं ठाम मत आहे. नियम सर्वांचे आणि उघडे. छपाई, नोंदी, नागरिकांची माहिती मात्र ज्याची त्याच्या घरी. कुठलाही देश दुसऱ्याच्या दारात उभा नाही.

ई-पासपोर्टच्या मुखपृष्ठावर छोटं सोनेरी चिन्ह असतं. तुमच्या पासपोर्टवर ते नसेल, तरी तो मुदत संपेपर्यंत चालतो. केवळ चिपसाठी नवा काढायची गरज नाही.