मिठाचा रेणू गेला कुठे?

चिमूटभर मीठ घेऊ. शाळेत आपण शिकलो, एक सोडियम, एक क्लोरीन, झाला मिठाचा रेणू. १९१२ साली म्युनिकमध्ये लाउए आणि सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवले, पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये २३ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने मिठाची रचना उलगडली. घनाकृती जाळी, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. आता जोडी कुणाची कुणाशी लावायची? लावताच येत नाही. म्हणजे मिठाच्या खड्यात रेणू अशी वेगळी वस्तूच नाही!

हे सगळ्यांच्या पचनी पडलं नाही. १९२७ साली ऐंशीच्या उंबरठ्यावरचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटाची खिल्ली उडवली. त्यांना हसण्याची घाई करू नये. आयुष्यभर ज्या कल्पनेच्या आधाराने विचार केला, ती सोडणं सोपं नसतं; आम्हीही आता त्याच वयाकडे चाललो आहोत, म्हणून सांगतो. मिठाचं सूत्र मात्र तेच राहिलं. पूर्वी ते वस्तू दाखवत होतं, आता प्रमाण सांगतं, एकास एक. शब्द टिकला, अर्थ बदलला. ज्ञान बऱ्याचदा असंच पुढे सरकतं.