दोन भगदाडांची कबुली

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातला पाल्हाळ थोडा छाटला आहे.)

आज सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

आमच्या टीमनं ऑफिसातलं एक छोटं टूल सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरवलं. कोड तयार होता, वेबसाइट नव्हती. ती माझ्या गळ्यात पडली. एका संध्याकाळी मी पान उभं केलं. गडद निळा रंग, मोठं बटण आणि वर ठळक अक्षरांत 'वेगवान, सुरक्षित, भरवशाचं'. दुसऱ्या दिवशी आमच्या टीम लीडनी पान बघितलं आणि एवढंच विचारलं, "सुरक्षित म्हणजे नक्की काय रे? आणि हे खोटं ठरलं तर आपल्याला कळणार कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टूलला धड टेस्टसुद्धा नव्हत्या. मी काही मुद्दाम थाप मारली नव्हती, सगळे लिहितात तसं लिहिलं होतं. पण वाचणाऱ्याला त्याचा काय फरक पडतो? तो तर विश्वास ठेवून वापरणार.

त्या प्रश्नाच्या नादात मी एका वेबसाइटवरच्या एका ओळीचा इतिहास वाचत बसलो. आजचा भाग त्या ओळीचा.

गोष्ट ओपनबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. कॅनडातल्या कॅल्गरीचे थिओ डी राट हे आधी नेटबीएसडी या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक. तिथल्या सहकाऱ्यांशी त्यांचं बिनसलं, त्यांना बाहेर पडावं लागलं, आणि १९९५ मध्ये त्यांनी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली. सुरुवातीलाच दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. एक, कोडचं सगळं भांडार कुणालाही वाचायला खुलं केलं. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, हे परक्या माणसालाही दिसायचं. त्या काळी बरेच प्रकल्प फक्त तयार आवृत्ती हातात द्यायचे. दुसरी गोष्ट, १९९६ पासून काही जण सगळा कोड फाइलमागून फाइल तपासायला बसले, चुका शोधायला.

मग त्यांच्या वेबसाइटवर एक दावा आला. २००२ पर्यंत त्याचं रूप साधारण असं होतं: डिफॉल्ट इन्स्टॉलमध्ये पाच वर्षं एकही रिमोट होल नाही.

ही ओळ जरा सोडवून बघू. रिमोट होल म्हणजे असं भगदाड, ज्यातून तुमच्या मशीनवर खातं नसलेला माणूस नेटवर्कवरून आत शिरू शकतो. डिफॉल्ट इन्स्टॉल म्हणजे सिस्टिम जशी मिळाली तशी, वरून काही चालू न करता. आणि पाच वर्षं हा आकडा. आता माझं 'सुरक्षित' या ओळीशेजारी ठेवा. माझा शब्द कधीच खोटा ठरू शकत नव्हता, कारण त्यात मोजायला काहीच नव्हतं. ही ओळ मात्र एका सकाळी खोटी ठरू शकत होती.

आणि ठरलीच. जून २००२ मध्ये इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीच्या मार्क डाउड यांनी ओपनएसएसएचमधलं भगदाड दाखवलं. ओपनएसएसएच म्हणजे याच टीमनं बनवलेलं, दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन. चूक घरातल्याच लेकराची, तीही डिफॉल्ट चालू असलेली. टीमनं ओळ बदलली: जवळजवळ सहा वर्षांत एक रिमोट होल. कमाल म्हणजे ही वेबसाइटसुद्धा कोडसारखीच बदलांच्या नोंदींसकट ठेवली जाते. म्हणजे आपण कधी शब्द गिळले, याचीही नोंद राहते.

पण मंडळी, ही संतांची कथा नाही. २००७ मध्ये कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या अल्फ्रेडो ऑर्तेगा यांना आयपीव्ही६ ची पॅकेट हाताळणाऱ्या भागात चूक सापडली. ओपनबीएसडीनं दुरुस्ती पटकन केली, पण तिच्यावर लेबल लावलं 'रिलायबिलिटी फिक्स'. म्हणजे मशीन बंद पडेल एवढंच, आत कुणी शिरणार नाही. कोअरच्या लोकांनी मग प्रत्यक्ष कोड चालवून दाखवला की आत शिरता येतं. तेव्हा लेबल बदलून 'सिक्युरिटी फिक्स' झालं, आणि ओळीत एकाचे दोन झाले.

इथं मी बराच वेळ थांबलो. हे लोक लपवत होते का? मला वाटतं, त्यांना स्वतःच्या कोडवर जरा जास्तच विश्वास होता. माझंही तसंच झालं होतं. फरक एवढाच की त्यांची ओळ अशी लिहिली होती की बाहेरचा माणूस पुरावा घेऊन आल्यावर टीमला ती बदलावी लागली.

टीकाकारांचा मुद्दाही खरा आहे. डिफॉल्टमध्ये ओपनबीएसडी फार थोड्या सेवा चालू ठेवतं, मग भगदाडं कमी दिसणारच. २०२० मध्ये क्वालिस या कंपनीनं त्यांच्या ओपनएसएमटीपीडी या मेल सर्व्हरमध्ये गंभीर चूक दाखवली. पण डिफॉल्टमध्ये तो सर्व्हर फक्त त्याच मशीनचं ऐकतो, म्हणून दोनाचे तीन झाले नाहीत. नियमानं बरोबर. पण ज्यानं तो मेल सर्व्हर बाहेरच्या जगासाठी चालू केला होता, त्याला त्या ओळीचा काय उपयोग? शिवाय आता तिथं वर्षांचा आकडा नाही, नुसतं 'खूप खूप काळात फक्त दोन' अशा अर्थाचं लिहिलंय. आकडा गेला हे मला खटकतं.

आता दिसण्याबद्दल. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक जगभर गाजली. त्याच महिन्यात याच मंडळींनी त्या कोडची वेगळी शाखा काढली, लिब्रेएसएसएल. त्याचं पहिलं पान कॉमिक सॅन्स फॉन्टमध्ये, वेब डिझाइनवाल्यांना चिडवायला मुद्दाम गबाळं ठेवलेलं. पण त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की सध्या भर ओपनबीएसडीवरच आहे, बाकीच्या सिस्टिम्सचं काम पैशांची आणि योग्य माणसांची सोय झाली की करू. माझं निळं पान दिसायला शंभरपट बरं होतं. पण आपल्याला काय जमत नाही, हे त्यात कुठंच नव्हतं.

म्हणून हल्ली कुठलंही टूल निवडताना मी पहिलं पान शेवटी बघतो. आधी बघतो की दाव्यात मोजता येईल असं काही आहे का. मग दुरुस्त्यांची यादी. तिथं कधीच काही चुकलेलं नसेल, तर बहुतेक वेळा कुणी तपासलेलंच नसतं. शेवटी छोट्या अक्षरांतल्या अटी बघतो, आणि माझा वापर त्या अटींत बसतो का ते.

आमच्या टूलच्या पानावरून मी 'सुरक्षित' काढलं. त्याजागी लिहिलं, कुठल्या दोन सिस्टिम्सवर चालवून बघितलंय, आणि खाली 'माहीत असलेल्या अडचणी', एकूण सात. टीम लीडनी वाचलं आणि म्हणाल्या, "आठवी मला माहितीये, लिहून घे."

तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या अ‍ॅपचं पान आज उघडा आणि त्यातला एक तरी शब्द खोटा ठरू शकतो का, बघा. भेटू पुढच्या भागात.