एका युद्धकालीन इंजिनाची प्रतिकृति

आगगाडीच्या लहान प्रतिकृती जमविणें हा केवळ मुलांचा खेळ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. इंग्लंडांत मात्र हा नाद मुख्यतः प्रौढांचा आहे. शिक्षक, वकील, कारकून, रेल्वेचे निवृत्त नोकर असे शहाणेसुरते लोक घरांतील एखादी खोली अडवून तींत रूळ मांडतात, स्टेशनें व बोगदे उभारतात आणि खऱ्या एक फुटास चार मिलिमीटर या प्रमाणाचीं इंजिनें त्यांवरून फिरवितात. बाजारांत न मिळणारें अमुक एक इंजिन कोणी तरी काढावें म्हणून हे लोक कारखानदारांकडे वर्षानुवर्षें मागणी करीत राहतात. अशा मागण्यांत एक मागणी मोठी चमत्कारिक होती. ती एखाद्या राजेशाही डाकगाडीच्या इंजिनाची नव्हती. चालत होतें तोंवर ज्याकडे कोणी प्रेमानें पाहिलें नाहीं अशा, दुसऱ्या महायुद्धांत घाईघाईनें बांधलेल्या एका ओबडधोबड मालगाडीच्या इंजिनाची ती मागणी होती. हें इंजिन ‘ऑस्टेरिटी’ म्हणजे काटकसरीचें इंजिन या नांवानें ओळखलें जातें.

१९३९ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटिश सरकारनें लष्करी कामासाठीं लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचें एक उत्तम इंजिन निवडलें. विल्यम स्टॅनिअर यांनीं १९३५ सालीं तयार केलेला हा ‘आठ एफ’ नांवाचा नमुना होता. तो भरंवशाचा होता, पण त्याच्या बांधणीस कुशल कारागीर, उंची धातु आणि वेळ या तिन्ही गोष्टी भरपूर लागत. आणि युद्धकाळांत नेमक्या याच तिहींची टंचाई होती. युरोपच्या भूमीवर पुन्हा पाय ठेवावयाचा तर सैन्यामागून दारूगोळा, पेट्रोल व धान्य नेण्यासाठीं शेंकडों इंजिनें हवीं होतीं. कारण फ्रान्स व बेल्जम येथील रेल्वे शाबूत हातीं येण्याची आशा नव्हती. पुरवठा खात्यांत काम करणारे रॉबर्ट रिडल्स या इंजिनिअरावर हें काम सोंपविण्यांत आलें.

रिडल्स यांनीं स्टॅनिअरचा नमुना समोर ठेवला आणि त्यांतून जें जें वगळतां येईल तें तें वगळलें. पुढें निमुळता होत जाणारा बॉयलर घडविण्यास फार मेहनत पडे. त्याऐवजीं सरळ नळकांड्यासारखा बॉयलर घेतला. जेथें घडीव किंवा ओतीव पोलाद लागे तेथें शक्य तेवढें बीड वापरलें किंवा पत्रे जोडून काम भागविलें. मुख्य जोडी सोडून बाकीचीं मोठीं चाकेंदेखील बिडाचींच केलीं. दांड्यांच्या व दट्ट्यांच्या वजनाचा तोल साधण्याचें नाजूक काम टाळलें. त्यामुळें वेग वाढला कीं इंजिन मागेंपुढें हिसके देई आणि त्याच्या चालीचा खडखडाट दुरून ओळखूं येई. पण सत्तर टनांचें हें धूड आपल्या आठ जोडचाकांवर जड मालगाडी बिनतक्रार ओढी, आणि कामचलाऊ रुळांवरूनही जाऊं शके. नऊ टन कोळसा व पांच हजार गॅलन पाणी तें आपल्याबरोबर वागवी.

१९४३ च्या जानेवारींत पहिलें इंजिन तयार झालें. १९४५ पर्यंत ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनें ५४५ आणि लँकेशायरमधील व्हल्कन फाउंड्रीनें ३९० अशीं एकंदर ९३५ इंजिनें बांधून काढलीं. प्रारंभीं तीं ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांना उसनीं दिलीं होतीं. पुढें ६ जून १९४४ रोजीं मित्रसैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलें आणि त्याच्या पाठोपाठ हीं इंजिनेंही जहाजांतून खाडीपार जाऊं लागलीं.

त्या स्वारीस चार दिवस उरले असतांना घडलेली एक हकीकत या इंजिनांच्या इतिहासांत कायमची नोंदली गेली आहे. २ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर केंब्रिजशायरमधील सोहॅम या लहान गांवाकडे एक मालगाडी चालली होती. तिच्या ५१ वाघिणी होत्या आणि त्यांतून बाँब नेले जात होते. ७३३७ क्रमांकाचें ऑस्टेरिटी इंजिन तिला जोडलेलें होतें. ड्रायव्हर बेंजामिन गिंबर्ट यानें मागें वळून पाहिलें तों इंजिनामागची पहिलीच वाघीण पेटलेली दिसली. तींत पांचपांचशें पौंडांचे ४४ बाँब होते. गाडी सोडून पळून जाण्यास दोघांनाही अवसर होता. परंतु गिंबर्टनें गाडी थांबविली, आणि बावीस वर्षांचा फायरमन जेम्स नाइटॉल हातोडा घेऊन खालीं उतरला. त्यानें पेटलेली वाघीण मागच्या पन्नास वाघिणींपासून सोडविली. मग ती एकटी वाघीण इंजिनानें गांवापासून दूर न्यावी, असा बेत करून दोघे निघाले. स्टेशनाजवळ सिग्नलवाला फ्रँक ब्रिजेस याला समोरून कोणती गाडी येत आहे काय, असें विचारण्यासाठीं गिंबर्टनें वेग कमी केला. आणि त्याच क्षणीं स्फोट झाला.

नाइटॉल जागच्या जागीं ठार झाला. ब्रिजेस दुसऱ्या दिवशीं मरण पावला. दूर फेंकला गेलेला गिंबर्ट गंभीर जखमी होऊनही वांचला. स्टेशन जमीनदोस्त झालें आणि गांवांतील शेंकडों घरांची मोडतोड झाली. पण मागें उभ्या असलेल्या पन्नास वाघिणींचा दारूगोळा पेटला असता तर सोहॅम गांव नकाशावर उरलें नसतें. गिंबर्ट व नाइटॉल या दोघांसही जॉर्ज क्रॉस हें पदक देण्यांत आलें; नाइटॉलचें मरणोत्तर. ७३३७ क्रमांकाचें तें इंजिन दुरुस्त होऊन पुढें लाँगमूर येथील लष्करी रेल्वेवर सैनिकांना शिकविण्याच्या कामीं आलें.

युद्ध संपल्यावर हीं इंजिनें देशोदेशीं विखुरलीं. पुष्कळशीं हॉलंडमध्यें राबलीं, बारा हाँगकाँगला गेलीं, दोन स्वीडननें घेतलीं. उरलेल्यांपैकीं ७३३ इंजिनें अखेर ब्रिटिश रेल्वेच्या ताब्यांत आलीं आणि त्यांना ९०००० पासून ९०७३२ पर्यंत क्रमांक मिळाले. युद्धापुरतीं म्हणून बांधलेलीं हीं इंजिनें पुढें वीस वर्षें कोळसा, लोखंड आणि चुनखडी वाहत राहिलीं. त्या सातशें तेहतीसांत नांव मिळालें होतें तें एकट्या शेवटच्या इंजिनाला; बाकी साऱ्यांची ओळख म्हणजे क्रमांक. अंगावर काजळी, घासपुसीचा अभाव आणि ती खडखडती चाल, यामुळें स्टेशनांवर वह्या घेऊन इंजिनांचे क्रमांक टिपणारीं मुलें त्यांस पाहून निराश होत असत. १९६७ पर्यंत एकूणएक इंजिन मोडीत निघालें. सोहॅमचा स्फोट सोसलेलें इंजिनही त्याच सालीं भंगारांत गेलें. द्रुतगतीच्या सुंदर इंजिनांना वांचविण्यासाठीं लोकांनीं वर्गणी जमविली. ब्रिटिश रेल्वेच्या या ७३३ इंजिनांपैकीं मात्र एकही वांचविलें गेलें नाहीं.

खेळण्यांच्या दुनियेंतही हाच न्याय चालला. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें १९३८ सालीं ‘हॉर्नबी डब्लो’ नांवाच्या लहान गाड्या काढल्या, तेव्हां तिनें प्रथम निवडलेल्या इंजिनांत ‘सर नायजेल ग्रेस्ली’ हें वाऱ्याशीं स्पर्धा करणारें निळें इंजिन होतें. पुढें युद्धामुळें १९४२ च्या आरंभापासून ब्रिटनमध्यें धातूचीं खेळणीं बनविण्यास बंदी झाली आणि खेळण्यांचे कारखाने युद्धसामग्री करूं लागले. म्हणजे काटकसरीचें इंजिन खऱ्या रुळांवर अवतरलें त्या वर्षीं मुलांना नवी खेळण्यांतील आगगाडी मिळणें दुरापास्त झालें होतें. ज्या धातूच्या टंचाईनें तें इंजिन ओबडधोबड केलें, त्याच टंचाईनें पोरांचे रूळही काढून घेतले. युद्धानंतर कारखाने पुन्हा चालूं झाले ते ‘डचेस ऑफ अ‍ॅथल’सारखीं बड्या नांवांचीं इंजिनें घेऊन. स्टॅनिअरच्या ‘आठ एफ’चीही प्रतिकृति १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचें गरीब भावंड मात्र बाहेरच राहिलें. मुलासाठीं खेळणें घेणारा बाप काजळलेलें, बिननांवाचें इंजिन कशाला घेईल, हा कारखानदारांचा हिशेब व्यवहाराच्या दृष्टीनें चुकीचा नव्हता.

पुढें हिशेब बदलला, कारण गिऱ्हाईक बदललें. क्रमांक टिपणारीं ती मुलें मोठीं झालीं. लहानपणीं पाहिलेली रेल्वे जशी होती तशी मेजावर उभी करण्याची त्यांस हौस वाटूं लागली. आणि मग लक्षांत आलें कीं, राजेशाही गाडी दिवसांतून एकदोनदां जाई, पण उरलेला सारा दिवस त्या रुळांवरून मालगाड्या चालत, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या पुढें हेंच खडखडणारें इंजिन असे. त्यावांचून यॉर्कशायरच्या कोळशाच्या खाणींचें दृश्य पुरें होईना. कांहीं चिकाट्या लोकांनीं धातूचे सुटे भाग आणून, तासून, डाख लावून स्वतःच इंजिनें जुळविलीं. ज्यांच्या हातांत तें कसब नव्हतें ते मागणी करीत वाट पाहत राहिले. अखेर १९९९ सालीं बॅकमन कंपनीनें या इंजिनाची तयार प्रतिकृति बाजारांत आणली. शेवटचें खरें इंजिन ब्रिटिश रेल्वेवरून नाहीसें होऊन तोंवर बत्तीस वर्षें लोटलीं होतीं.

खऱ्या इंजिनाचा शोध तर त्याहून आधींच सुरू झाला होता. स्वीडननें घेतलेल्या दोन इंजिनांपैकीं एक तेथें राखीव म्हणून ठेवलेलें होतें. व्हल्कन फाउंड्रीनें १९४५ सालीं बांधलेलें हें इंजिन हॉलंडमार्गें स्वीडनला पोंचलें होतें. यॉर्कशायरमधील कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे चालविणाऱ्या स्वयंसेवकांनीं तें १९७३ सालीं इंग्लंडांत परत आणलें. स्वीडनमध्यें थंडीसाठीं त्याचा ड्रायव्हरचा कक्ष बंदिस्त केला होता आणि टेंडर आंखूड केलें होतें. हे सारे फेरफार काढून मूळ रूप देण्यास फार वर्षें लागलीं, आणि २००७ सालीं तें पुन्हा वाफेवर धावलें. त्यास जो क्रमांक दिला तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ब्रिटिश रेल्वेचा शेवटचा क्रमांक ९०७३२ होता. याला ९०७३३ दिला. म्हणजे नाहीशा झालेल्या सातशें तेहतीसांच्या रांगेंत हें एक शेवटीं येऊन उभें राहिलें.

भारतालाही अशा युद्धकालीन इंजिनांची ओळख आहे. त्या काळांत अमेरिका व कॅनडा येथून आलेल्या इंजिनांनीं स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षें आपल्या ब्रॉडगेज मालगाड्या ओढल्या. त्यांपैकीं अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याचें ‘विराट’ हें इंजिन हरियाणांतील रेवाडी येथें जतन केलेलें आहे.

लहान प्रतिकृतीसाठीं धरलेला हा हट्ट कोणास पोरकट वाटेल. परंतु ज्या यंत्रावर सैन्याची शिदोरी आणि पुढें घराघरांतील शेगडीचा कोळसा अवलंबून होता, त्याची दखल सरकारी संग्रहांनीं घेतली नाहीं. ती घेतली गेली या हौशी लोकांच्या मेजांवर. त्या हातभर रुळांवर आज काळें, मळकट इंजिन वाघिणींची रांग ओढीत जातें. सोहॅमला पेटलेली वाघीण ओढणारें इंजिन दिसावयास असेंच होतें, आणि नाइटॉल हातोडा घेऊन उतरला तो असल्याच इंजिनाच्या पायरीवरून.