झुला सैल, आधार पक्का

दिवाणखान्यात किंवा पडवीत टांगलेला झोपाळा हे मराठी घराचे जुने वैभव. सागवानी तुळईतून आरपार काढलेले आकडे, त्यांना अडकवलेल्या पितळी वा लोखंडी कड्या आणि खाली रुंद, गुळगुळीत फळी. दुपारच्या वामकुक्षीपासून रात्रीच्या गप्पांपर्यंत घरातील निम्मे व्यवहार त्या फळीवर पार पडत. वाडे पडले, सदनिका आल्या आणि कापडी किंवा जाळीदार झुला घरोघरी दिसू लागला. तो स्वस्त असतो, घडी करून कपाटात ठेवता येतो आणि बाल्कनीत, गच्चीवर किंवा फार्महाऊसच्या आवारात दहा मिनिटांत बांधता येतो. मात्र झोपाळ्याचा धाकटा भाऊ समजून तो टांगला की गफलत होते. झोपाळा आपल्या आधाराला सरळ खाली ओढतो. झुला दोन्हीकडच्या आधारांना आडवा, आत झोपलेल्या माणसाच्या दिशेने ओढतो. झुल्याचे गंभीर अपघात होतात ते बहुधा या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

झुल्याचे मूळ अमेरिका खंडातले. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील लोक आधारांना बांधलेल्या, जाळ्यांसारख्या अंथरुणात झोपत असल्याचे युरोपीयांना प्रथम दिसले. कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील शब्दावरून स्पॅनिशमध्ये 'हमाका' आणि त्यावरून इंग्रजीत 'हॅमॉक' रूढ झाला. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशांनी तो उचलला. जहाज कितीही हेलकावले तरी झोपणारा खाली पडत नसे आणि दिवसा झुला गुंडाळला की जागा मोकळी होई. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात आजही अनेक घरांत पलंगाऐवजी झुलाच असतो आणि भिंतींत त्यासाठी खास हूक बसवलेले असतात. आपल्याकडे ऊसतोड कामगार किंवा इमारतींच्या बांधकामावरील मजूर तान्ह्या मुलासाठी धडोत्याची झोळी बांधतात, तिचेही तत्त्व तेच. फरक वजनाचा. झोळीत पाच-सहा किलोचे मूल असते, झुल्यात सत्तर-ऐंशी किलोचा माणूस.

ताणाचे गणित

झुला कसून, सरळ रेषेत ताणून बांधला म्हणजे तो मजबूत बसला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दोरी जितकी आडवी, तितका तिच्यावरचा आणि आधारावरचा ताण जास्त. सत्तर किलो वजनाचा माणूस झुल्यात बसला आणि दोरी जमिनीला समांतर रेषेपासून ३० अंश खाली झुकलेली असली, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर सुमारे सत्तर किलोचाच ताण येतो. हाच कोन १५ अंश झाला, तर ताण १३५ किलोवर जातो. १० अंशांना २०० किलोवर आणि ५ अंशांना थेट ४०० किलोवर. माणूस तोच, झुला तोच, फक्त बांधण्याची पद्धत निराळी. ही आकडेमोड स्थिर वजनाची झाली. कोणी धपकन अंग टाकले किंवा मुलांनी उड्या मारल्या, तर क्षणभर त्याच्या दुप्पट ताणही येऊ शकतो.

म्हणून ३० अंशांचा कोन हा झुल्याचा सुवर्णमध्य मानला जातो. तो मोजायला कंपासपेटी लागत नाही. झुल्यात माणूस बसलेला असताना आधारापासून आडवे एक मीटर पुढे आल्यावर दोरी साधारण ५८ सेंटीमीटर खाली उतरलेली दिसली, की कोन जमला. रिकामा झुला त्यामुळे केळ्यासारखा, काहीसा ढिला दिसतो आणि पाहणाऱ्याला तो नीट बांधलेला नाही असे वाटते. तसे वाटू द्यावे.

सैल झुल्यात पाठ वाकते, अशी तक्रार असते. तिचे उत्तर युकातानच्या लोकांकडे आहे. ते झुल्यात उभे न झोपता तिरके झोपतात. डोके एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला टाकले, की कापड पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. दोन्ही टोकांना लाकडी दांड्या लावलेला झुला दिसायला ऐसपैस असला, तरी त्यात अंगाचा भार वर राहतो आणि कुशीवर वळताना तो उलटण्याचा संभव अधिक असतो.

खांब जेव्हा अंगावर येतो

जून २०२० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड हाइट्स या गावी, झुल्यात बसलेल्या दोन सख्ख्या अल्पवयीन बहिणी विटांचा खांब अंगावर कोसळून मरण पावल्या. झुल्याचे एक टोक त्या खांबाला बांधलेले होते. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाचे, कुंपणाचे आणि गच्चीवरच्या मांडवाचे खांब असेच विटांचे असतात. जाडजूड, गिलावा केलेले, रंगवलेले. त्यांच्याकडे पाहून कोणाच्या मनात शंका येणार नाही.

पण हिशेब करून पाहावा. चौदा इंची, म्हणजे सुमारे ३५ सेंटीमीटर चौरस आणि १.८ मीटर उंच असा विटांचा सुटा खांब साधारण ४२० किलो वजनाचा भरतो. तो कलंडायचा तर आपल्या तळाच्या कडेवर कलंडेल आणि त्याचे वजन त्या कडेपासून अवघ्या साडेसतरा सेंटीमीटरवर आहे. दोन्हींचा गुणाकार होतो ७३. आता सत्तर किलोच्या एका माणसाचा झुला, अगदी योग्य अशा ३० अंशांच्या कोनात, त्या खांबाला १.६ मीटर उंचीवर बांधला, तर खांबावर सुमारे साठ किलोची आडवी ओढ येते. तिचा गुणाकार होतो ९७. म्हणजे खांबाचे स्वतःचे वजन त्याला उभे ठेवण्यास अपुरे आहे. तो उभा राहतो तो केवळ विटांमधील सिमेंटच्या सांध्यांच्या जोरावर. ते सांधे ओढ सहन करण्यासाठी नसतातच. वीटकाम दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच थोडा. आठ पावसाळे खाल्लेला सांधा कधी सुटेल हे बाहेरून कळत नाही आणि सुटल्यावर खांब पडतो तो ओढीच्या दिशेने, म्हणजे झोपलेल्याच्या अंगावर. आतून लोखंडी सळ्या घातलेला आणि पायापासून वर आलेला काँक्रीटचा खांब असल्याची खात्री नसेल, तर कोणत्याही सुट्या खांबाला, कुंपणाच्या भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला झुला बांधू नये.

सदनिकेत

आधुनिक इमारतीचा भार काँक्रीटचे कॉलम, बीम आणि स्लॅब वाहतात. मधल्या भिंती बहुतेकदा केवळ आडोशाच्या. साडेचार इंची विटेची भिंत किंवा हलक्या एएसी ब्लॉकची भिंत झुल्याच्या आडव्या ओढीसाठी भरवशाची नाही. तीत प्लास्टिकचे रावळ ठोकून बसवलेला हूक चित्राची चौकट पेलतो, माणूस नव्हे. बाल्कनीचे रेलिंग, खिडकीचे ग्रील, दाराची चौकट आणि छताचा पंख्याचा हूक हेही वर्ज्य समजावेत. खोट्या छताचे तर नावच नको. जिप्समच्या तावाआड प्रत्यक्ष स्लॅब वीतभर किंवा हातभर वर असतो.

राहिले कॉलम, बीम आणि स्लॅब. कॉलममध्ये किंवा बीमच्या बाजूला प्रसरण पावणारा पोलादी अँकर फास्टनर अथवा रासायनिक अँकर बसवणे हा योग्य मार्ग. तो १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा असावा आणि गिलाव्याची जाडी सोडून आतील काँक्रीटमध्ये पुरेसा खोल गेलेला असावा. दोन-अडीच सेंटीमीटरचा गिलावा हिशेबात न धरल्यामुळे निम्मा फास्टनर गिलाव्यातच राहतो, ही नेहमीची चूक. छिद्राच्या जागी सळी लागली तर ती कापू नये, जागा बदलावी. स्लॅबमधून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात, त्यांचाही अंदाज घ्यावा. नव्या उंच इमारतींपैकी काहींचे स्लॅब ताणलेल्या पोलादी तारांचे, म्हणजे पोस्ट-टेन्शन पद्धतीचे असतात. अशा स्लॅबला विचारल्याशिवाय छिद्र पाडणे धोक्याचे आहे. सोसायटीच्या कार्यालयात इमारतीचे नकाशे असतात आणि संरचना अभियंत्याचा सल्ला झुल्याच्या किमतीपेक्षा महाग पडला तरी घ्यावा.

जुन्या इमारतींत आणखी एक पथ्य. ज्या छताला ओल आहे, गिलाव्याला लांब भेगा आहेत, तांबूस डाग आहेत किंवा बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, तेथे आतील सळ्या गंजून फुगू लागलेल्या असण्याची शक्यता असते. तेथे झुला नको आणि झोपाळाही नको. झोपाळ्याची ओढ सरळ खाली असली, तरी तीही स्थिर नसते. ६० अंशांपर्यंत चढवलेला झोका खाली येताना कड्यांवर बसलेल्यांच्या वजनाच्या दुप्पट भार टाकतो.

ज्यांच्या घरात मनाजोगता आधार नाही, त्यांच्यासाठी लोखंडी स्टँडवरचा झुला मिळतो. तो जागा अडवतो आणि नजरेत भरत नाही, हे खरे. पण भाड्याच्या घरात तोच शहाणपणाचा.

झाडांची निवड

बाहेर बांधायचा तर झाड जिवंत, सरळ आणि बुंध्याला निदान वीतभर व्यासाचे हवे. आंबा, चिंच, फणस, वड यांचे सशक्त बुंधे चांगले. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड ठिसूळ. त्यांच्या वाटेला जाऊ नये. गुलमोहराच्या फांद्याही वाऱ्यात सहज मोडतात. दोन माडांमधला झुला पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत असतो, परंतु कोकणात वाढलेला माणूस माडाखाली सहसा आडवा होत नाही. नारळ आणि वाळलेली झावळी सूचना देऊन पडत नाहीत. आंब्याला बांधताना पानांची जोडून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आधी शोधावीत. बुंध्याशी अळंबी उगवलेली, ढोल पडलेली, वाळवीची माती चढलेली किंवा वर वाळक्या फांद्या लटकणारी झाडे बाद समजावीत.

बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालील जिवंत थर चिरडते. तीन-चार सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद विणलेला पट्टा वापरल्यास भार पसरतो आणि झाड सुरक्षित राहते. खिळे आणि हूक झाडात ठोकू नयेत. १९७५ च्या अधिनियमाने महाराष्ट्राच्या शहरांतील झाडांना संरक्षण दिले आहे आणि खिळेमुक्त झाडांसाठी पुण्या-मुंबईत स्वयंसेवकांच्या मोहिमाही झाल्या आहेत. वळवाच्या पावसाचे ढग जमू लागले की झुल्यातून उठावे. त्या वेळी वाराही सुटतो आणि विजाही पडतात.

उंची, दोर आणि गाठ

दोन आधारांत चार मीटर अंतर असल्यास पट्टे साधारण पावणेदोन मीटर उंचीवर येतात. नेमकी उंची बसून ठरवावी. माणूस बसल्यावर झुल्याचा तळ जमिनीपासून खुर्चीइतक्या, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आसपास असावा. त्याहून वर टांगण्यात कोणताही लाभ नाही. झुल्यातून पडणारा माणूस बहुधा पाठीवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडतो. खाली फरशी असेल तर जाड सतरंजी घालावी आणि टोकदार कुंडी, दगड किंवा टेबलाचा कोपरा जवळ नसावा.

सुंभ आणि काथ्या यांचा भरवसा धरू नये. सुती दोर ओल्या हवेत कुजतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर कुजत नाहीत, पण कडक उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यास ठिसूळ होतात. नायलॉनवर गाठ सरकते, म्हणून सुरगाठीवर माणूस टांगू नये. निरगाठ बसते, पण भार आल्यावर सुटता सुटत नाही. त्यापेक्षा शिवलेले फासे असलेला पट्टा आणि बंद होणारी कडी घ्यावी. उघड्या तोंडाचा 'एस' आकडा झुला हलताना निसटू शकतो. किल्ल्यांच्या जुडग्याला मिळणारी रंगीत कडी दिसायला गिर्यारोहकांच्या कडीसारखी असते, इतकेच. वहनक्षमता कोरलेली नसलेली कडी घेऊ नये.

पहिल्यांदा माणसाने बसू नये. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. वाळूने भरलेल्या तशा तीन गोण्या झुल्यात ठेवून तासभर वाट पाहावी आणि आधार, गिलावा, शिवण तपासावी.

मुलांच्या बाबतीत

येथे तडजोड नको. दाराच्या आकड्याला किंवा छताच्या हुकाला साडी अथवा ओढणी बांधून केलेल्या झोक्यात गिरक्या घेताना पीळ पडून गळफास बसल्याच्या बातम्या राज्यातून वारंवार येतात. बहुतेक घटनांत घरातील मोठी माणसे काही मिनिटांपुरतीच दूर असतात. जाळीच्या झुल्याचाही हाच धोका. टोकांना दांडी नसलेल्या लहान जाळीदार झुल्यांत अडकून मुलांचे मृत्यू झाल्यावर १९९६ मध्ये अमेरिकेत असे लाखो झुले बाजारातून परत मागवण्यात आले होते. मुले असलेल्या घरात जाळीऐवजी अखंड कापडाचा झुला घ्यावा, मोठ्या माणसाच्या देखत वापरू द्यावा आणि एरवी एक टोक सोडून ठेवावे. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या झुल्यात झोपवू नये. मऊ कापडात मान पुढे झुकून श्वास अडण्याची भीती असते. बालरोगतज्ज्ञ बाळासाठी सपाट आणि टणक अंथरुणच सांगतात.

टांगलेला झुला दर महिन्याला एकदा पाहावा. कडीला खाच पडली आहे का, फास्टनरभोवती भेग दिसते का, शिवणीचे धागे सुटले आहेत का, एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. झोपाळ्याच्या कड्या करकरू लागल्या की तेल घालण्यापूर्वी त्यांची झीज पाहावी. पावसाळ्याच्या तोंडावर बाहेरचा झुला उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून आत ठेवावा आणि झाडाचे पट्टेही सोडवून घ्यावेत.