इंजिनाची स्मृती आणि बॅटरीचा पहारा

१ डिसेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगन समूहाने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय या संस्थेच्या चाचण्यांत काही गाड्यांचे रस्त्यावरील उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले होते. दुरुस्तीत मुख्यतः बदलायचे होते ते इंजिनाचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर. असे सॉफ्टवेअर गाडीत नव्याने लिहिले जात असताना त्या संगणकाला विजेचा आधार असतो तो बॉनेटखालच्या शिसे-आम्ल बॅटरीचा. एकोणिसाव्या शतकातल्या या घटाकडे हे काम कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल घट तयार केला. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची कसरत हळूहळू संपली. तेव्हापासून बॅटरीचे मुख्य काम ठरून गेले : स्टार्टरला काही सेकंद शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह द्यायचा. इंजिन चालू झाले की पुढचा भार डायनॅमो, आणि नंतरच्या काळात अल्टरनेटर, उचलत असे. बॅटरी उतरली तर चार माणसांनी धक्का द्यावा आणि गाडी सुरू करावी, एवढाच तिच्या दुबळेपणाचा दंड होता.

इंजिनात संगणक आल्यानंतरही हे चित्र लगेच पालटले नाही. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडीत आली आणि इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे गेले. त्या पिढीतील अनेक संगणकांचा आज्ञाक्रम ईपीरॉम जातीच्या चिपमध्ये साठवलेला असे. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये विकसित केलेली ही चिप पुसण्यासाठी तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. त्यासाठी ती गाडीतून काढणे भागच होते. साहजिकच लेखन कार्यशाळेतील टेबलावर होई आणि गाडीच्या बॅटरीचा त्याच्याशी संबंध येत नसे.

तो संबंध जोडला फ्लॅश स्मृतीने. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगासमोर मांडलेली ही स्मृती विजेनेच पुसता येते, मात्र एकेक अक्षर स्वतंत्रपणे नव्हे, तर मोठ्या गटांत. नव्वदच्या दशकात ती इंजिनाच्या संगणकात रुळली आणि खोके न उघडता, निदान-जोडणीच्या तारेतून, आज्ञाक्रम बदलता येऊ लागला.

सोयीबरोबर एक नाजूक क्षणही आला. जुना आज्ञाक्रम पुसला गेला आहे, नवा पूर्ण उतरलेला नाही, अशा अवस्थेत संगणकाला इंजिन चालवण्याचे ज्ञानच नसते. त्यामुळे लेखन इंजिन बंद ठेवूनच करावे लागते, आणि इंजिन बंद म्हणजे अल्टरनेटरही बंद. इग्निशन मात्र चालू असते. गाडीतील इतर संगणक जागे असतात. काही गाड्यांत मुख्य संगणक उत्तर देईनासा झाल्याने रेडिएटरचा पंखाही खबरदारी म्हणून फिरू लागतो. समजा, हा सारा भार २० अँपिअर आहे. अर्ध्या तासात १० अँपिअर-तास, म्हणजे ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चौथा हिस्सा, खर्च होतो. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. थकलेली बॅटरी भाराखाली झपाट्याने खाली येते. दाब ठरावीक मर्यादेखाली घसरला की संगणक स्वतःला नव्याने सुरू करतो आणि लेखन मध्येच तुटते.

यावर अभियंत्यांनी एक उपाय केला. बूटलोडर नावाचा छोटा आज्ञाक्रम स्मृतीच्या संरक्षित भागात ठेवला जातो. तो शाबूत असला तर लेखन पुन्हा सुरू करता येते. तो नसेल किंवा बिघडला असेल, तर संगणक काढून, उघडून दुरुस्त करावा लागतो, अथवा बदलावा लागतो.

म्हणून लेखनाच्या वेळी बॅटरीला बाहेरून पुरवठा जोडतात. येथे साधा चार्जर चालेलच असे नाही. त्याच्या दाबात चढउतार असतात, आणि संवेदनशील लेखनाला तेच बाधतात. हवा असतो तो भार कमीजास्त झाला तरी साधारण १३.५ व्होल्टवर स्थिर राहणारा आणि पुरेसा प्रवाह देणारा पुरवठा.

भारतात या बारकाव्याचे महत्त्व प्रदूषणाच्या नियमांबरोबर वाढत गेले. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील खासगी गाड्यांसाठी युरो निकषांच्या तारखा ठरवून दिल्या. पुढे बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. प्रत्येक टप्प्यावर कार्ब्युरेटरच्या स्क्रूचे काम संगणकाकडे अधिकाधिक सरकत गेले. आज डिझेल गाडीतील काजळी-गाळणी केव्हा स्वच्छ करायची, हेही आज्ञाक्रमच ठरवतो.

विजेच्या गाड्यांनीही हा प्रश्न मिटवलेला नाही. चाके फिरवणारी बॅटरी मोठी असली, तरी बहुतेक विद्युत गाड्यांतील संगणक १२ व्होल्टच्या जाळ्यावरच चालतात. दूरस्थ अद्ययावतीकरणात नवा आज्ञाक्रम अनेकदा आधी स्मृतीच्या वेगळ्या भागात उतरवून घेतात आणि बॅटरीची पातळी तपासूनच तो लागू करतात.

उत्सर्जनाचा निकष राजपत्रात छापला जातो, प्रयोगशाळेत तपासला जातो. पण गाडीच्या आयुष्यात त्याची डागडुजी होते ती कार्यशाळेत. तेथील तंत्रज्ञाकडे स्थिर पुरवठा असणे आणि तो कशासाठी जोडायचा हे त्याला ठाऊक असणे, हाही स्वच्छ हवेच्या व्यवस्थेचाच भाग आहे. आपल्या तंत्रशिक्षणात पान्याच्या शेजारी व्होल्टमीटरला जागा हवी, ती यासाठीच.