चैत्रातील शाकारणी

चौघांनी एका पक्षाघाती मनुष्याला छपरातून प्रभू येशूपुढे खाली सोडल्याची हकीकत मार्क आणि लूक या दोघाही शुभवर्तमानकारांनी सांगितली आहे. छपराविषयी मात्र दोघांचे वर्णन जुळत नाही. मार्कच्या वृत्तांतात माणसे छप्पर उकरतात; लूकच्या वृत्तांतात ती कौलांमधून वाट काढतात. पॅलेस्टाइनच्या खेड्यात तुळयांवर फांद्या आणि त्यांवर चोपलेली माती असे, तर लूकच्या ग्रीक-रोमन नगरवासी वाचकांना कौले अधिक ओळखीची, असा याचा उलगडा अभ्यासक करतात. आम्हांला मात्र या प्रसंगी त्या घरमालकाची आठवण होते. ते छप्पर पुढे कोणी दुरुस्त केले, याविषयी दोघेही शुभवर्तमानकार मौन पाळतात! कदाचित सांगण्याजोगे त्यात काही नसावे. मातीचे छप्पर तेथे दर वर्षी पावसापूर्वी नव्याने चोपावेच लागे.

आपल्या ठाणे जिल्ह्यातील जुन्या घरांची कहाणीही अशीच वर्षावर्षाच्या डागडुजीची आहे. राजवाडे आणि किल्ले यांचा इतिहास लिहिला गेला. गरिबाच्या छपराचा फारसा कोणी लिहिला नाही. खडवलीसारख्या भातसा नदीकाठच्या गावांत भाताची कापणी व झोडणी आटोपली की पेंढा हाताशी येई. फाल्गुन सरता सरता शेतीची कामे विरळ होत आणि मृगापर्यंतचे दोन-अडीच महिने घराच्या वाट्याला येत. कारवीच्या काटक्या एकमेकींशेजारी बांधून कूड उभा करावयाचा व त्यावर शेणामातीचा गिलावा द्यावयाचा, ही भिंतीची रीत. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी सह्याद्रीच्या उतारांवर विपुल. वर आढे, वासे आणि गवताचे किंवा पेंढ्याचे पाखे. सधन असेल त्याच्याकडे कुंभाराची नळीची कौले. कौलारू घरालाही सुटका नव्हतीच. माकडे, मांजरे आणि वारा यांनी हललेली कौले उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा ओळीने लावणे म्हणजेच घर शाकारणे.

या सर्वांत रोख पैसा फारच थोडा लागे. गवत, माती, शेण, कारवी ही आसपासचीच, कुंभाराला धान्य. खरा खर्च हातांचा होता. छपरावर बसणारा एक, खालून पेंढ्या फेकणारा दुसरा, दोऱ्या वळणारा तिसरा. एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले हे काम नव्हे. म्हणून आज तुझे घर, उद्या माझे, अशी वाटणी होई आणि मजुरी म्हणून त्या दिवसाचे जेवण मिळे. भुई चोपणे, सारवणे, भिंती लिंपणे हे स्त्रियांकडे. तेही शेजारणींच्या मदतीने.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत या कामाला आणखी एक मुदत असे. पुनरुत्थानकाळात धर्मगुरू घराला आशीर्वाद देण्यास यावयाचे, तेव्हा झावळ्यांच्या रविवारापर्यंत भिंतींना चुना लागलेला बरा. कळीचा चुना पाण्यात विझवून, गाळून, त्यात थोडा डिंक व चिमूटभर नीळ घातली की सफेदी तयार. चुन्याने भिंत उजळते, आणि त्याच्या दाहकतेने कीड-बुरशीही हटते. लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात डागाळलेल्या घराच्या भिंती खरवडून नवा गिलावा देण्याची आज्ञा आहे. ती वाचताना आम्हांला चुन्याची बादली आठवल्यावाचून राहत नाही.

ही स्वस्ताई प्रथम डळमळली ती रानाच्या बाजूने. खडवलीवरून जाणारा कल्याण-वासिंद लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला आणि लाकडाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली गेली. जे कालपर्यंत कोयता घेऊन आणता येत होते त्याला परवानगी आली. ठाणे-कुलाब्याच्या रयतेची तक्रार इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

दुसरा बदल दक्षिणेकडून, समुद्रमार्गे आला. आल्सेस प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास एकमेकांत अडकणारे सपाट कौल शोधून काढले होते. त्याच धर्तीचा कारखाना बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरास काढला. हे मिशन प्रॉटेस्टंट. पण ज्यांना धर्मांतरामुळे जातीने व धंद्याने वाळीत टाकले त्यांच्या पोटाची सोय पाहण्याची त्याची दृष्टी आम्ही मोकळेपणाने वाखाणतो. लगोलग १८६८ साली आल्बुकर्क या मंगळुरी कॅथॉलिक घराण्याचाही कारखाना उभा राहिला. गलबतांतून मुंबईस उतरलेली ही लाल कौले पुढे कोकणभर पसरली. एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले पुरत. ती सहसा सरकत नसत, आणि दर वर्षीची शाकारणी बरीचशी टळे.

मंगलोरी कौलाचे हे उपकार विसरणे योग्य नव्हे. जुन्या गवती छपराचे गोडवे गाणाऱ्यांनी श्रावणातली गळती, पेंढ्यात शिरलेला साप आणि ठिणगीसरशी पेटलेली आळी यांचाही हिशेब मांडावा. परंतु कौल रोखीने घ्यावे लागले. ज्याच्याकडे रोकड, त्याचे घर एकदाच नीट झाले आणि त्याला शेजाऱ्याच्या हातांची गरज उरली नाही. ज्याच्याकडे नाही, त्याच्या पाख्यावर चढावयास माणसे कमी पडू लागली.

याचा सर्वांत कठोर फटका कातकऱ्यांना बसला, असे आमचे मत आहे. खैराचा कात काढून जगणारी ही जमात रानबंदीने निर्धन झाली आणि वीटभट्टीकडे वळली. कल्याण, भिवंडी, शहापूर तालुक्यांतील भट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडावयाची, म्हणून नवरा-बायको लेकरांसह भट्टीवरच मुक्काम करतात. मजुरी हजार विटांमागे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. तरीही १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला या जिल्ह्यात वेठबिगार सोडविण्यासाठी वर्षानुवर्षे लढावे लागले. सरकारी घरकुलेही आली: १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०२३ पासून कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी पंतप्रधान जनमन. ज्यांना ती लाभली त्यांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले.

ज्यांची घरे अद्याप कुडाचीच आहेत त्यांचा चैत्र-वैशाख मात्र दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा थापण्यात सरतो. भट्टी विझल्यावर, मेअखेरीस, ते वाडीवर परततात. सहा महिने बंद असलेल्या घराचा गिलावा पोपडे धरून पडलेला असतो, वाळवीने मेढी पोखरलेली असते, आणि पाऊस दहा-पंधरा दिवसांवर आलेला असतो. तेवढ्या अवधीत ओली माती वाळावयास हवी.